शाळेचा 'स्मार्ट पट्टा': संमतिपत्रावर सही करावी का?

मृण्मयी_ठाणे

मंडळी, सल्ला हवा आहे आणि शुक्रवारच्या आत हवा आहे.

लेक यंदा दुसरीत गेली. शाळा उघडून आठवडा होत नाही तोच पालकांच्या व्हॉट्सॅप गटावर परिपत्रक आलं: प्रत्येक विद्यार्थ्याने मनगटी पट्टा घालणं 'अपेक्षित' आहे. (सक्तीचं आहे का, असं विचारलं की उत्तर येतं, अपेक्षित आहे.) पट्ट्यात आरएफआयडी चिप (मशीनजवळ गेली की आपला नंबर रेडिओलहरींनी कळवणारी), ब्लूटूथ, संकटात दाबायचं लाल बटण, शिवाय नाडीचे ठोके आणि अंगाचं तापमान मोजणारे सेन्सर. मूल फाटकातून आत गेलं की मेसेज, बसमध्ये चढलं की मेसेज, कोणत्या खोलीत आहे ते ॲपमधल्या नकाशावर. वर्षाचे अठराशे रुपये फीबरोबर. सोबत संमतिपत्र, त्यात अगदी शेवटी बारीक अक्षरात 'पाल्याची माहिती सेवा सुधारण्यासाठी वापरली जाऊ शकते'.

नवरा म्हणतो, करून टाक सही, अठराशेने काय होतंय. बदलापूर आमच्यापासून लांब नाही. २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले, त्या ऑगस्टमध्ये मी काही ना काही निमित्त काढून रोज शाळेत फोन करत होते, तेव्हा असा पट्टा कुणी दिला असता तर दुप्पट पैसे मोजून घेतला असता. पण आज शांतपणे बघते तर सात वर्षांच्या मुलीच्या नाडीचे ठोके दिवसभर कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर जाणार, हे काही पचनी पडत नाही.

कुणाच्या शाळेत आहे का असं काही? खरंच उपयोग होतो का?

कोथरूडचा_दादूस

आमच्याकडे पट्टा नाही, गळ्यातलं कार्ड आहे. फाटकावर मशीन, कार्ड गेलं की मेसेज.

गेल्या पावसाळ्यात चिरंजीव सणसणीत ताप घेऊन माझ्या शेजारी झोपलेले आणि सव्वासातला फोन वाजला: 'आपला पाल्य शाळेत सुखरूप पोहोचला आहे.' मी एकदा फोनकडे बघतोय, एकदा पोराकडे. झालं होतं असं की आदल्या दिवशी कार्ड व्हॅनमध्ये राहिलं. व्हॅनवाले काका सज्जन माणूस, त्यांनी ते शेजारच्या इमारतीतल्या मुलीच्या दप्तरात टाकलं, 'मॅडमना दे गं' म्हणून. दप्तर फाटकातून आत गेलं, मशीनने दोघांचीही हजेरी लावली. वर्गात बाईंनी मात्र नाव पुकारून गैरहजेरी मांडली होती, कारण त्यांनी बाकावर बघितलं.

आता ते मेसेज मी म्यूट केलेत. बायको अजून वाचते.

लिंबाचं_लोणचं

म्हणजे एका पोराने अख्ख्या वर्गाची हजेरी लावायची सोय झाली म्हणा की! आम्हाला प्रॉक्सी मारायला कॉलेजपर्यंत थांबावं लागलं होतं.

सर्किटराव

दादूस, तुमच्या मशीनने चूक केलीच नाही. त्याला कार्ड दिसलं, त्याने कार्ड आल्याचं सांगितलं. 'पाल्य पोहोचला' हे वाक्य सॉफ्टवेअरवाल्याने पदरचं घातलं.

मृण्मयीताई, पट्ट्यात काय काय आहे म्हणून सांगितलंय ते सुटं करून बघा. माझं पोट रेडिओ आणि अँटेनांवर चालतं, म्हणून जरा लांबण लावतो.

फाटकावर दोन प्रकार असतात. एक, १३.५६ मेगाहर्ट्झचं कार्ड. मेट्रोच्या कार्डासारखं जवळ नेऊन टेकवायचं. चुकत नाही फारसं, पण सकाळी सातला हजार मुलं एका फाटकातून जात असतील तर रांग लागते, आणि रांग लागली की शिपाई म्हणतो, जा रे, चला आत. दोन, आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारी यूएचएफ चिप. ही काही मीटरवरून वाचता येते, टेकवावी लागत नाही. हिची दोन दुखणी: पाणी आणि धातू. माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणी, त्यामुळे घोळक्यात मधोमध चालणाऱ्या पोराची चिप बाकीच्यांच्या अंगाआड झाकली जाते. आणि चिप दप्तरात असेल तर तिला खेटून स्टीलचा डबा असतो. डब्याने वाट अडवली की मशीनला ते मूल दिसतच नाही. मग सुखरूप पोहोचलेल्या मुलाच्या आईला मेसेज येत नाही आणि ती ऑफिसात जीव मुठीत धरून बसते. विक्रेत्याला विचारा, रोज शेकडा किती मुलं सुटतात. शून्य म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

'कोणत्या खोलीत आहे' हे ब्लूटूथचं काम. प्रत्येक खोलीत एक ग्राहक यंत्र (सिग्नल पकडणारं), त्याला पट्ट्याचा सिग्नल किती जोरात येतो त्यावरून अंतराचा अंदाज. विटांची भिंत, लोखंडी कपाटं आणि चाळीस मुलं एवढ्यातून तो अंदाज काही मीटर सहज चुकतो. नकाशावर पोरगी शेजारच्या वर्गात दिसेल, किंवा मधल्या भिंतीत उभी दिसेल. स्वच्छतागृह आणि जिन्याखालची जागा, जिथे आई-बापांचा जीव खरा अडकतो, तिथे ग्राहक यंत्र बसवलंय का, हे आधी विचारा. बहुधा नसतं.

जीपीएस असेल तर इमारतीत त्याला उपग्रह नीट दिसत नाहीत, आणि तो सतत चालू ठेवला तर बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बसमध्ये मात्र तो चोख काम करतो, कारण तिथे त्याला गाडीच्या बॅटरीवर जगता येतं. म्हणून जीपीएस बसला लावावा, मुलाला नाही, असं माझं मत.

नाडीच्या सेन्सरचं काय सांगू. हिरवा दिवा कातडीवर मारून परत येणारा प्रकाश मोजतात. पट्टा घट्ट बसायला हवा. दुसरीतल्या मुलीच्या काडीएवढ्या मनगटावर तो सैल फिरत राहणार आणि खो-खो खेळताना काहीही आकडे देणार.

वसुधा_कल्याण

बदलापूरचं नाव निघालं म्हणून लिहिते.

त्या दोन्ही मुली बालवाडीतल्या होत्या आणि शाळेतच होत्या. आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी. त्यांच्या हातात असला पट्टा असता तर घरच्यांच्या ॲपवर काय दिसलं असतं? 'पाल्य शाळेत आहे.' हिरवा ठिपका. मला तर ही कल्पनाच सहन होत नाही.

आपण सगळे फाटकावर मशीन बसवायला निघालोय, जणू धोका बाहेरून चालत येतो. लहान मुलांवरच्या अत्याचारांत बहुतेक वेळा माणूस ओळखीचा असतो. त्या प्रकरणानंतर शासन निर्णय निघाला, महिनाभरात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारी शाळेची समिती). तुमच्या शाळेतली सखी सावित्री समिती २०२२ पासून असायला हवी होती. तिचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, स्वच्छतागृहाजवळ बाईमाणूस नेमलंय का, कंत्राटी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली का, हे विचारा आधी. अठराशे गुणिले हजार मुलं म्हणजे अठरा लाख रुपये होतात वर्षाला. त्यात किती मावश्यांचा पगार निघतो, हिशेब करा.

पट्टेवाला

आयडी मुद्दाम हाच घेतलाय, कारण मी याच धंद्यात आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. शिव्या द्यायला सुरुवात करण्याआधी ऐकून घ्या.

सर्किटरावांनी लिहिलेलं बरोबर आहे, दहा-वीस टक्के इकडेतिकडे. पण शाळा आमच्याकडे का येते? पालकसभेत कुणीतरी उठून विचारतं, 'सुरक्षेसाठी तुम्ही काय केलं?' त्यावर मुख्याध्यापकांना हातात धरून दाखवता येईल अशी वस्तू हवी असते. मावशींचा पगार वाढवला, हे दाखवता येत नाही. नाडी आणि तापमान हेसुद्धा शाळा मागत नाहीत. शेजारच्या कंपनीच्या माहितीपत्रकात आहे म्हणून आमच्यात घालावं लागतं.

माझा अनुभव असा की पट्टा दिवाळीपर्यंत मनगटावर असतो, मग दप्तरात, मग ड्रॉवरमध्ये. टिकतो तो फक्त बसचा मेसेज. 'बस दहा मिनिटांत पोहोचेल' एवढ्यासाठी आया आम्हाला दुवा देतात, कारण मे महिन्याच्या उन्हात कडेवर धाकटं घेऊन कोपऱ्यावर उभं राहावं लागत नाही. तेवढी एकच गोष्ट वेगळी विका म्हटलं तर स्वस्त पडते, पण तशी कुणी मागत नाही.

लाल बटणाबद्दल मात्र मी स्वतः विकताना गप्प बसतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक पोर ते दाबून बघतं. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातल्या बाई आवाज बंद करतात.

लिंबाचं_लोणचं

पट्टेवाले, तुम्ही धंद्यात फार दिवस टिकणार नाही. पण मिसळ माझ्याकडून.

राईनकाठची

जर्मनीत राहते. इथे नोव्हेंबर २०१७ मध्ये बुंडेसनेट्झआगेंटूरने, म्हणजे टेलिफोन-वीज वगैरेंच्या जाळ्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मुलांच्या एका प्रकारच्या घड्याळांवर बंदीच घातली. बंदीचं कारण जीपीएस हे नव्हतं. त्या घड्याळाला ॲपमधून गुपचूप फोन लावून आजूबाजूचं बोलणं ऐकता यायचं. आईबाप त्यातून वर्गात बाई काय शिकवतात ते ऐकत होते! छुपं प्रक्षेपण करणारं यंत्र बाळगणं इथे गुन्हा आहे. पालकांना सांगण्यात आलं की घड्याळ स्वतः नष्ट करा आणि शाळांना सांगितलं की मुलांच्या मनगटावर लक्ष ठेवा.

त्याच्या महिनाभर आधी नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने मुलांची काही घड्याळं तपासून अहवाल काढला होता. काहींमध्ये परक्या माणसाला खात्यात शिरून मूल कुठे आहे ते बघता येत होतं, एवढंच काय, ते दुसरीकडेच आहे असं आईबापांना भासवता येत होतं. २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने एक जर्मन घड्याळ याच कारणासाठी बाजारातून परत बोलवायला लावलं. घड्याळ आणि सर्व्हर यांच्यातली माहिती उघडीवाघडी जात होती, कुलूपबिलूप काही नाही.

मृण्मयी, तुझ्या पट्ट्यात माइक आहे का, हे लेखी विचार. 'वापरत नाही' हे उत्तर चालणार नाही, 'नाही' हे हवं.

डॅलसकर

टेक्सासमधली गोष्ट. सॅन अँटोनियोच्या नॉर्थसाइड शाळा जिल्ह्याने २०१२ मध्ये दोन शाळांतल्या सुमारे ४,२०० मुलांना चिपवाली ओळखपत्रं दिली. गाजावाजा सुरक्षेचा. आतली गंमत अशी की इथे शाळेला सरकारी पैसा रोजच्या हजेरीवर मिळतो. मूल इमारतीत आहे पण सकाळी हजेरीच्या वेळी बाकावर नव्हतं, तर ते पैसे बुडतात. चिप लावली की कॉरिडॉरमध्ये रेंगाळणाराही मोजता येतो. एका विद्यार्थिनीने धार्मिक कारणाने कार्ड घालायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं. मुलगी हरली, पण २०१३ मध्ये जिल्ह्यानेच योजना गुंडाळली. हजेरी म्हणावी तशी वाढलीच नव्हती.

योकोहामाकर

जपानमध्ये पहिलीपासून मुलं एकटी चालत शाळेत जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामागे काय काय असतं ते कमी जणांना माहीत. आमच्या मुलीच्या दप्तराच्या पट्ट्याला एक बझर लटकवलेला आहे, अंड्याएवढा. त्यातली पिन ओढली की कानठळ्या बसतील असा आवाज. त्याला ॲप नाही, सर्व्हर नाही, खातं नाही. पण गल्लीतल्या कोपऱ्यावर झेंडा घेऊन उभे राहणारे आजोबा आहेत, त्यांना तो आवाज कळतो. काही शाळांत फाटकावरची चिप आणि पालकांना ईमेल हेही आहे, वीस वर्षांपासून आहे.

मला सांगायचंय ते बसचं. सप्टेंबर २०२२ मध्ये शिझुओका प्रांतात माकिनोहाराला एका बालवाडीच्या बसमध्ये तीन वर्षांची मुलगी विसरली गेली. बंद बस, उन्हाचा दिवस. मुलगी गेली. त्याच्या आदल्या वर्षी फुकुओकात असंच झालं होतं. आणि लक्षात घ्या, मुलांच्या हजेरीची पद्धत तिथे होती. कुणी बघितलं नाही, वर्गातल्या बाईंना वाटलं आज आली नसेल, कुणी घरी फोन केला नाही.

त्यानंतर एप्रिल २०२३ पासून अशा बसमध्ये सुरक्षायंत्र सक्तीचं झालं. त्यातल्या एका प्रकारावर मी फिदा आहे. चालकाने इंजिन बंद केलं की बसमध्ये आवाज सुरू होतो आणि तो बंद करायचं बटण सगळ्यात मागच्या सीटजवळ असतं. माणसाला उठून मागेपर्यंत जावंच लागतं. जाता जाता प्रत्येक सीटवर नजर पडते. सेन्सर मुलाला लावलेला नाही, मोठ्या माणसाच्या आळसाला लावलाय.

आपल्याकडे महाराष्ट्रात स्कूलबसचे नियम २०११ पासून आहेत. त्यात शाळेची परिवहन समिती आहे, मुलींच्या बसमध्ये महिला मदतनीस आहे. मागच्या सीटजवळ एक बटण बसवायला किती लागतील? कुठलाही गॅरेजवाला करून देईल.

सर्किटराव

योकोहामाकर, हे मी उद्याच आमच्या सोसायटीच्या व्हॅनवाल्याला दाखवतो. रिले, बझर आणि दहा मीटर वायर. हजाराच्या आत.

साखरआई

सगळे सेन्सरवर तुटून पडलेत म्हणून उलट बाजू मांडते. आमच्या घरात एक सेन्सर आहे आणि त्याच्याशिवाय मी लेकाला शाळेत पाठवणार नाही.

मुलाला टाइप १ मधुमेह आहे, पाचवीत आहे. दंडाच्या मागे नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला असतो, त्याचा केसासारखा तंतू कातडीखाली. दोन आठवडे चालतो, मग नवा. किंमत चार-पाच हजारांच्या घरात, विमा देत नाही. तो रक्तातली साखर थेट मोजत नाही, पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो, त्यामुळे आकडा दहा-पंधरा मिनिटं मागे असतो. साखर भराभर उतरत असेल तर फोनवर ८० दिसतात तेव्हा प्रत्यक्षात ती ७० च्या खाली गेलेली असू शकते. म्हणून आम्ही आकड्यापेक्षा शेजारच्या बाणाकडे बघतो, साखर चढतेय की उतरतेय ते तो दाखवतो. बाण खाली वळला की हालचाल सुरू.

आता शाळेतली गंमत. सेन्सर बोलतो फोनशी, आणि शाळेत फोन बंदी. सुरुवातीला फोन ऑफिसच्या कपाटात, वर्ग दुसऱ्या मजल्यावर, सिग्नल पोहोचेना. मग पीटीच्या तासाला तो मैदानात घामाघूम होऊन बसला. सरांना वाटलं आळस करतोय, अजून एक फेरी मार म्हणाले. ॲपने मला दादरला बसून गजर दिला, मी शाळेत फोन लावते तर कुणी उचलत नव्हतं. शेवटी वर्गातल्या मित्रानेच त्याच्या खिशातली ग्लुकोजची पुडी त्याच्या तोंडात ओतली. त्याला मीच शिकवून ठेवलं होतं.

त्यानंतर मी शाळेत जाऊन बसले. भांडायला नाही, शिकवायला. पीटीच्या सरांसकट चार शिक्षकांना एकत्र बसवून पंधरा-पंधराचा नियम सांगितला: ७० च्या खाली गेला की पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटं थांबा, परत बघा. घाम, हातापायाला कापरं, विनाकारण चिडचिड, ही लक्षणं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही. फोन आता वर्गशिक्षिकेच्या टेबलाच्या खणात असतो, आवाज चालू. खणातच ग्लुकोज, खडीसाखर आणि मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद. पीटीच्या तासाला फोन सरांच्या खिशात जातो. सर आता इतके तरबेज झालेत की खेळाआधी स्वतःच विचारतात, 'बाण कुठे आहे रे?'

कुणाला लागलं तर सांगते: सीबीएसईने २०१७ पासून अशा मुलांना परीक्षेत गोळ्या, खाऊ जवळ ठेवायची परवानगी दिली आहे, आणि राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून वर्गातही ही मुभा द्यायला सांगितलं. त्या पत्राची प्रत घेऊन जा. तोंडी सांगण्यात आणि कागद टेबलावर ठेवण्यात फार फरक पडतो.

मृण्मयीच्या पट्ट्याची गोष्ट वेगळी आहे. माझा सेन्सर एक ठरावीक धोका मोजतो, तो झाला तर काय करायचं ते ठरलेलं आहे, आणि करणारी माणसं नावानिशी ठरलेली आहेत. तुझ्या मुलीच्या नाडीचे ठोके १४० झाले तर शाळा काय करणार? धावली असेल, घाबरली असेल, नाहीतर गणिताचा पेपर हातात पडला असेल.

मास्तर_बीडचे

वाचतोय सगळं. आमच्या जिल्हा परिषद शाळेला तीन बाजूंनी भिंत आहे, चौथी मंजूर आहे. मंजूर होऊन बरेच दिवस झाले. चौथ्या बाजूला विहीर.

दिवाळीच्या सुमारास वर्गातली अर्धी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर काही थांबतात. पट्टे दिले असते तर आमच्या ॲपवर निम्मे ठिपके फडावर दिसले असते, आणि तेही रेंज असली तर. तरी खरं सांगू, एका अर्थी मला ते आवडलं असतं. पोरगं कुठल्या कारखान्याच्या हद्दीत आहे कळलं तर तिथल्या जवळच्या शाळेत फोन करून सांगता येतं, याला बसवून घ्या म्हणून. आत्ता ते मी मुकादमाला फोन लावून लावून शोधतो.

ओजसचा_बाबा

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, बारा वर्षांचा, बोलत नाही. तो पळून जातो. 'हरवतो' नाही, फाटक उघडं दिसलं की निघतो. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना सुरक्षा विरुद्ध खासगीपणा ही चर्चा परवडत नाही.

न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली असाच एक चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या दारातून बाहेर पडला, काही महिन्यांनी नदीत त्याचे अवशेष मिळाले. अमेरिकेने त्याच्या आणि आणखी एका मुलाच्या नावाने २०१८ मध्ये कायदा केला, त्यात अशा मुलांना ऐच्छिक ट्रॅकर देण्यासाठी पैसे आहेत. 'ऐच्छिक' हा शब्द त्यातही आहे.

आमचं काय चाललंय ते लिहितो. मनगटावर काहीही सहन होत नाही, दातांनी तोडतो. म्हणून हिने पँटच्या नाडीच्या पट्टीत आतून छोटा कप्पा शिवलाय, त्यात ट्रॅकर. आधी ॲपलचा एअरटॅग वापरला. तो स्वतः कुठे आहे ते सांगत नाही, जवळून जाणाऱ्या आयफोनला सांगतो. पुण्यात लक्ष्मी रोडवर तो छान चालतो. आमच्या गावाकडे तासन्‌तास गप्प, कारण आसपास आयफोन कुणाकडे आहेत? ॲपल स्वतःच म्हणतं की हे वस्तूंसाठी आहे, मुलांसाठी नाही. आता सिमवाला ट्रॅकर आहे, रोज रात्री चार्ज करावा लागतो.

आणि एक, लहान मुलं असलेल्या सगळ्यांसाठी: या टॅगांत गोल चपटा सेल असतो. तो गिळला आणि घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजते. झाकण स्क्रूने बंद होणारं असेल तरच घ्या. गिळल्याची शंका आली तर वाट बघू नका, थेट एक्स-रे असलेलं हॉस्पिटल गाठा.

सगळ्यात भरवशाची निघाली ती गळ्यातली क्यूआर कोडची चकती. बॅटरी नाही. २०२३ मध्ये वरळीचा एक विशेष मुलगा कुलाब्यात सापडला तो अशाच लॉकेटमुळे, पोलिसांनी कोड स्कॅन केला आणि घरचा नंबर मिळाला. आमच्या चौकातल्या चहावाल्याला, रिक्षा स्टँडवर आणि शाळेच्या वॉचमनला मी मुलाची ओळख करून दिली आहे. वॉचमन बदलला की परत.

ॲड_रेवती

कायद्याचं थोडक्यात, कारण संमतिपत्राचा प्रश्न आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३. अठरा वर्षांखालचे सगळे 'बालक'. कलम ९ सांगतं की पालकांची पडताळलेली संमती हवी, आणि मुलांचा मागोवा घेणं, वर्तनावर पाळत ठेवणं, त्यांना उद्देशून जाहिराती करणं बंद. मोडलं तर दंड २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षाने लागू होतील, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या सुमारास.

आता मेख. नियमांत शाळांना सवलत आहे. शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षेसाठी शाळा मागोवा घेऊ शकते. बसवाल्यालाही आहे, पण फक्त येण्या-जाण्याच्या वेळात आणि फक्त ठिकाणाचा. त्यामुळे 'हे बेकायदा आहे' असं म्हणत शाळेत जाऊ नका, मुख्याध्यापक नियम दाखवतील. पण 'सेवा सुधारण्यासाठी' ही ओळ सुरक्षेत बसत नाही. कंपनी शाळेच्या सांगण्यावरून काम करते तोवर ठीक. तीच माहिती स्वतःच्या धंद्यासाठी वापरू लागली तर ती शाळेच्या सवलतीच्या छत्रीखाली उभी राहू शकत नाही, असं माझं वाचन आहे. ती ओळ खोडून, बाजूला सही करून फॉर्म द्या. खोडलेला फॉर्म परत आला तर कारण लेखी मागा.

मूल शाळा सोडेल तेव्हा माहिती किती दिवसांत पुसणार, हेही लिहून घ्या. दाखला देताना कुणाला आठवत नाही.

सर्किटराव

नाडीवरून आठवलं. चीनमध्ये जिनहुआच्या एका प्राथमिक शाळेत २०१९ मध्ये मुलांच्या कपाळावर 'लक्ष' मोजणाऱ्या पट्ट्या बांधल्या होत्या. कुणाचं लक्ष किती, याचा अहवाल पालकांना. व्हिडिओ फिरला, बोंब झाली, बंद केलं. तापमान आणि नाडी आज सुरक्षेच्या नावाने येते, उद्या त्याचा आलेख पालकसभेत भिंतीवर लागेल.

मृण्मयी_ठाणे

सगळ्यांचे आभार. आज आम्ही आठ-दहा पालक मुख्याध्यापिकांना भेटलो.

माइक नाही, असं कंपनीच्या माणसाने सांगितलं, लेखी उद्या देणार. नाडी-तापमान बंद ठेवता येतं, हे त्यालाच माहीत नव्हतं, फोन करून विचारावं लागलं. स्वच्छतागृहाजवळ ग्राहक यंत्र नाही. लाल बटण दाबल्यावर गजर कुठे वाजतो, यावर 'ऑफिसात' म्हणाले. ऑफिस साडेबाराला बंद होतं आणि दुपारच्या सत्राची शाळा साडेपाचला सुटते. त्यावर मॅडम स्वतःच गप्प झाल्या.

वसुधाताई, सखी सावित्री समिती आहे. कागदावर. त्यातल्या पालक सदस्याला आपण सदस्य आहोत हे आजच कळलं, ती माझ्याच शेजारी बसली होती! पुढच्या शनिवारी बैठक लावली आहे आणि दोन्ही मजल्यांवर मावशी नेमायचं आधी बघू, असं मॅडम म्हणाल्यात.

मी बसच्या मेसेजपुरती सही केली, बाकी ओळी खोडल्या. नवरा म्हणतो, एवढ्यासाठी ऑफिसला दांडी मारलीस? हो, मारली.

पट्टेवाला

फक्त बसचा मेसेज घेणार असाल तर अठराशे देऊ नका. चारशेच्या वर गेले तर मला व्यनि (खासगी निरोप) करा.

साखरआई

मृण्मयी, शनिवारच्या बैठकीत शाळेत दमा, फिट, मधुमेह असलेली मुलं किती आणि कोणत्या वर्गात, एवढं एक विचारशील? आमच्या शाळेत ती यादी करायला घेतली तेव्हा फिट येणाऱ्या एका मुलीचं वर्गशिक्षिकेलाही माहीत नव्हतं.

मृण्मयी_ठाणे

विचारते. ॲड_रेवती, खोडाखोडीऐवजी धड मसुदा द्याल का? बाकीचे पालक मागतायत.

ॲड_रेवती

इथेच टाकते, पण उद्या संध्याकाळी. सकाळी सुनावणी आहे.